लायकीचा दाखला : रेव्हरंड संडरलंड, एक जप्त पुस्तक आणि पुण्याचा मांडव

आजचा धागा एका जप्त झालेल्या पुस्तकाचा आहे. थोडा लांबेल.

१९२९ च्या मे महिन्यात कलकत्त्यात पोलिसांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या नामांकित मासिकाच्या कचेरीवर आणि छापखान्यावर छापा घातला. ‘इंडिया इन बाँडेज’, म्हणजे ‘पारतंत्र्यातील हिंदुस्थान’, या पुस्तकाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. पहिली आवृत्ती १९२८ च्या अखेरीस निघाली होती आणि काही महिन्यांतच दुसरी काढावी लागली होती. प्रकाशक रामानंद चटर्जी आणि मुद्रक सजनीकांत दास यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. कलम तेच, १२४ अ, जे महाराष्ट्राला लोकमान्य टिळकांच्या खटल्यांमुळे तोंडपाठ आहे. दोघांना दंड झाला आणि पुस्तक सरकारजमा झाले.

लेखक मात्र कायद्याच्या हातापलीकडे, अमेरिकेत होता. वय ८७. व्यवसाय, धर्मोपदेशकाचा.

जाबेझ थॉमस संडरलंड हे त्यांचे नाव. समाजमाध्यमांवर ते अधूनमधून दिसते ते बहुधा एकाच सुरात : पाहा, एका गोऱ्या पाद्र्यानेही आमची बाजू घेतली होती. या सुराविषयी माझी तक्रार आहे, आणि आजचा धागा मुख्यतः त्या तक्रारीसाठीच लिहीत आहे. गोऱ्या माणसाने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण ज्याचे पुस्तक मिरवतो, त्याने त्या पुस्तकात प्रशस्तिपत्राची कल्पनाच मोडीत काढली होती. स्वातंत्र्यासाठी लायकीचा दाखला लागत नाही, एवढेच सांगायला त्याने शेकडो पाने खर्च केली. ते सांगताना तो एका ठिकाणी थांबला आणि जिथे तो थांबला तिथून पुढची वाट आपल्याच माणसांनी चालून दाखवली. पण आधी त्याची ओळख.

संडरलंड यांचा जन्म १८४२ चा, इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. बालपणीच कुटुंब अमेरिकेत गेले. शिक्षण बाप्टिस्ट पंथाच्या धर्मविद्यालयात झाले आणि मिलवॉकी येथे ते बाप्टिस्ट उपदेशक म्हणून काम करू लागले. १८७२ मध्ये त्यांनी तो पंथ सोडला आणि ते युनिटेरियन झाले.

हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य युनिटेरियन मानत नाहीत. ईश्वर एकच, येशू हा थोर मानवी गुरू आणि बायबल हा बुद्धीच्या कसोटीवर वाचायचा ग्रंथ, अशी त्यांची साधारण भूमिका. राजा राममोहन रॉय यांनी १८२१ मध्ये कलकत्त्यात विल्यम ॲडम यांच्यासह युनिटेरियन समिती काढली होती ती याच जवळिकीतून. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचाही या मंडळींशी पुढे सतत पत्रव्यवहार आणि ग्रंथांची देवाणघेवाण राहिली. मूर्तिपूजा न मानणारा हिंदू आणि त्रैक्य न मानणारा ख्रिस्ती एकमेकांना ओळखू लागले, यात नवल नाही.

१८७८ पासून वीस वर्षे संडरलंड मिशिगनमधील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी उपदेशक होते. बायबलचा उगम आणि घडण यांवर त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिले, पुढे उत्क्रांतिवाद आणि धर्म यांची सांगड घालणारे पुस्तकही लिहिले. त्यांच्या पत्नी एलायझा रीड संडरलंड यांनी १८९२ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत व्याख्यान दिले. होय, विवेकानंदांची तीच परिषद.

एक गंमत येथेच नोंदवून ठेवतो. १८८६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातील युनिटेरियन मंडळींत मोठा वाद पेटला. सभासदत्वासाठी ईश्वरावरील श्रद्धेची अट असावी की सत्य, सदाचार आणि प्रेम यांसाठी झटू इच्छिणाऱ्या कोणालाही दार उघडे असावे? संडरलंड अटीच्या बाजूने होते. परिषदेच्या तोंडावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि स्वतःचे मासिकही सुरू केले. परिषदेने त्यांच्या विरुद्ध कौल दिला. धर्मसंघात प्रवेशासाठी अट मागणारा हाच माणूस पुढे राष्ट्रांच्या बाबतीत कोणतीही अट मानायला तयार झाला नाही. माणसे अशी सरळ रेषेत वाढत नाहीत.

हिंदुस्थानशी त्यांचा पहिला जिवंत संबंध आला तो राजकारणामुळे नव्हे. खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग नावाच्या तरुणाने वेल्श मिशनऱ्यांचा पंथ सोडून स्वतःच्या विचाराने एकेश्वरी मंडळी सुरू केली होती. १८८७ मध्ये जोवाई येथे त्यांची पहिली उपासना झाली. जगात आपल्यासारखा विचार करणारे इतरही आहेत, त्यांना युनिटेरियन म्हणतात, हे त्यांना कळले होते. त्यांची पत्रे ॲन आर्बरला जाऊ लागली आणि संडरलंड ती आपल्या मासिकात छापू लागले. या घटनेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. येथे धर्म पश्चिमेकडून आलेला नव्हता. तो टेकडीवरच्या एका तरुणाला स्वतःच सुचला होता आणि पश्चिमेकडून आली ती केवळ पत्राची पोच. ‘तुम्हाला शिकवावे लागेल’ या गृहीतकाला संडरलंड यांच्या मनात पहिला तडा कदाचित इथेच गेला असावा. हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्यावा.

१८९५-९६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनच्या वतीने ते हिंदुस्थानात आले. खासी टेकड्यांत गेले, ब्राह्म समाज आणि प्रार्थना समाज यांच्या पुढाऱ्यांना भेटले. आणि १८९५ च्या डिसेंबरअखेर ते पुण्यात होते, राष्ट्रसभेच्या अधिवेशनाला.

पुण्यातले ते अधिवेशन ज्यांना ठाऊक आहे त्यांचे कान एव्हाना टवकारले असतील.

सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष होते. पण पुण्यात त्या हिवाळ्यात चर्चा होती ती मांडवाची. राष्ट्रसभेचे अधिवेशन आटोपले की त्याच मांडवात न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषद भरायची, असा काही वर्षांचा प्रघात होता. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, जातिभेद हे तिचे विषय. टिळकपक्षाने या प्रघाताला विरोध केला. राष्ट्रसभा सर्वांची, सुधारणेचे विषय मात्र वादाचे, तेव्हा दोन्हींची सरमिसळ नको, असा युक्तिवाद होता. त्याबरोबर मांडव जाळण्याच्या धमक्याही होत्या. शेवटी रानडे यांनी माघार घेतली आणि परिषद वेगळ्या जागी भरवली.

आधी राजकीय की आधी सामाजिक, हा आपल्या शालेय निबंधांतला गुळगुळीत झालेला वाद. त्या आठवड्यात मात्र तो कापडाचा, बांबूंचा आणि आगपेटीचा होता. आणि तिऱ्हाईत देशातला एक पाहुणा त्या गावात होता, ज्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या लेखनाचा कणा हाच प्रश्न होणार होता.

संडरलंड परतले ते हिंदुस्थानचे वकील होऊनच. त्यानंतरची वर्षे दुष्काळाची. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००. हिंदुस्थानातील दुष्काळांची कारणे या विषयावर त्यांनी निबंध लिहिला. त्याची मांडणी आजही वाचण्याजोगी आहे. पाऊस पडत नाही म्हणून माणसे मरतात, हे सोपे उत्तर त्यांनी बाजूला सारले. लोकसंख्या फार झाली, हेही. एका प्रांतात पीक बुडाले तरी दुसऱ्या प्रांतात धान्य असते आणि ते आणायला आगगाडीही असते. नसतात ते विकत घ्यायला पैसे. मग पैसे का नाहीत? शेतसाऱ्याचे ओझे, बुडवलेले देशी उद्योग, लष्कराचा आणि गोऱ्या नोकरशाहीचा खर्च, आणि दरसाल विलायतेला वाहून जाणारी संपत्ती. चार कोटी लोक आयुष्यभर अपुऱ्या अन्नावर जगतात, हे सर विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याचेच विधान ते पुढे ठेवतात.

यात नवे काय होते? खरे सांगायचे तर फारसे काही नाही. दादाभाई नौरोजी हे तीन दशके सांगत होते, रमेशचंद्र दत्त तेव्हाच आकडेवारीसह लिहीत होते. संडरलंड यांचे महत्त्व शोधात नाही. लंडनऐवजी बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या वाचकाला उद्देशून ते लिहीत होते आणि त्या वाचकाला त्याच्याच इतिहासाची आठवण देत होते, यात ते आहे. ज्या राष्ट्राने प्रतिनिधित्वाशिवाय कर नको म्हणून बंड केले, त्याने या बाबतीत तटस्थ कसे राहावे? १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ॲटलांटिक मंथली’त त्यांचा हिंदुस्थानातील नव्या राष्ट्रीय चळवळीवर लेख आला. त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये इंडिया होम रूल लीगचे काम करू लागले तेव्हा संडरलंड त्यांच्या सोबत होते. आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’त ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. त्याच लेखनातून शेवटी ते पुस्तक तयार झाले.

आता पुस्तकाकडे येऊ.

१९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले. बालविवाह, प्रसूतीतील हाल, अस्वच्छता, अस्पृश्यता यांचे वर्णन करून या लोकांना स्वराज्य कसे द्यावे, असा सूर त्यात होता. महात्मा गांधींनी त्याला गटारे तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले ते प्रसिद्धच आहे. पुस्तकावर बंदी घाला अशी मागणी झाली, सरकारने ती मानली नाही. दोन वर्षांच्या आत दुसऱ्या एका अमेरिकन माणसाचे पुस्तक मात्र जप्त झाले. एवढ्यावरून सरकारला काय खुपत होते ते दिसते.

संडरलंड यांची पद्धत साधी आहे. एकेक आक्षेप घ्यायचा आणि त्याला प्रकरण द्यायचे. हिंदुस्थानात निरक्षरता आहे, म्हणून स्वराज्य नाकारावे काय? शेकडो भाषा आहेत, म्हणून नाकारावे काय? जाती आहेत, म्हणून? हिंदू-मुसलमान दंगे होतात, म्हणून? सामाजिक दोष आहेत, म्हणून? प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, पण वाट वेगळी. कोठे ते दाखवतात की तोच दोष युरोप-अमेरिकेतही आहे आणि तेथे त्यावरून कोणी स्वातंत्र्य काढून घेत नाही. कोठे ते म्हणतात की दीडशे वर्षे राज्य करूनही निरक्षरता उरली असेल तर तो पुरावा राज्यकर्त्याविरुद्धचा आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांची नैतिक श्रद्धा : दुसऱ्यावर त्याच्या संमतीविना राज्य करण्याइतका चांगला कोणीच नसतो. व्यक्ती नाही आणि राष्ट्रही नाही.

म्हणून म्हणतो, हे पुस्तक प्रशस्तिपत्र नाही. ‘हिंदुस्थानी लोक लायक आहेत’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘लायकी ठरवणारे तुम्ही कोण?’ असे विचारणारा साम्राज्याला अधिक जड जातो. पहिल्याशी वाद घालता येतो, आणखी शंभर वर्षे चौकशी समित्या नेमता येतात. दुसऱ्यावर खटलाच भरावा लागतो.

इथपर्यंत मी संडरलंड यांच्याबरोबर आहे. आता मतभेद.

पुस्तकातली प्राचीन आणि ग्रामीण हिंदुस्थानाची चित्रे फार सोज्ज्वळ आहेत. ग्रामपंचायती म्हणजे जणू छोटी प्रजासत्ताकेच. जातीच्या प्रश्नावर त्यांचा रोख वळतो तो राज्यकर्त्या गोऱ्यांकडे, हिंदुस्थानातली सर्वांत गर्विष्ठ जात तीच म्हणून. वादात हा टोला बिनतोड आहे. पण गावच्या पाणवठ्यावर ताटकळत उभ्या असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्या घागरीत पाणी ओतायचे की नाही हे लंडनहून ठरत नव्हते.

संडरलंड यांचा बचाव करायचा तर एवढे म्हणता येईल की ते बोलत होते अमेरिकन आणि इंग्रज वाचकाशी. त्या वाचकापुढे ‘तुमच्या दोषांमुळे तुमचे स्वातंत्र्य गेले नाही, मग त्यांचे का जावे?’ हा प्रश्न न्याय्यच आहे. गडबड होते ती तेच वाक्य उचलून आपण आपापसांत वापरू लागतो तेव्हा. साम्राज्यापुढे उभे राहून उच्चारलेले ‘जातीमुळे आमचे काही अडत नाही’ हे वाक्य मांडवात आले की ‘जातीचे नंतर पाहू’ असे ऐकू येते. १८९५ मध्ये पुण्यात नेमके तेच तर घडले होते.

आणि येथे एक योगायोग आहे, ज्याच्यामुळे हा धागा लिहावासा वाटला. संडरलंड १९३६ च्या ऑगस्टमध्ये वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याचा आरंभ ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल : आंबेडकर राष्ट्रसभा आणि सामाजिक परिषद यांच्या भांडणापासून सुरुवात करतात आणि पुण्याच्या त्या मांडवाची आठवणही काढतात. मग ते राजकीय वृत्तीच्या हिंदूंना प्रश्न विचारू लागतात. अस्पृश्यांना शाळा नाही, विहीर नाही, रस्ता नाही, हवे ते वस्त्र नाही, हवे ते अन्न नाही, आणि तरी तुम्ही राजसत्तेला लायक आहात काय?

वरवर पाहता हा मेयोबाईंचाच प्रश्न वाटतो, आणि आंबेडकरांवर तसा आरोप करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण तेथेच पुढे ते जे म्हणतात ते नीट वाचा. एका राष्ट्राला दुसऱ्यावर राज्य करण्याचा अधिकार नाही हे मिलचे तत्त्व जो घोकतो, त्याने एका वर्गाला दुसऱ्या वर्गावर राज्य करण्याचा अधिकार नाही हेही कबूल केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

म्हणजे इंग्रजांचे राज्य राहावे असे ते म्हणत नाहीत. संडरलंड यांचेच तत्त्व घेऊन ते एक पायरी पुढे जातात. संमतीविना दुसऱ्यावर राज्य करण्याइतके चांगले कोणी नसेल, तर पाटीलही नाही, पुरोहितही नाही. माझ्या मते ‘इंडिया इन बाँडेज’ एकटे वाचूच नये. ते या भाषणाशेजारी ठेवून वाचावे. एक पुस्तक बाहेरच्या मालकाला उद्देशून आहे, दुसरे घरातल्या. एकाच हातात दोन्ही धरता येतात आणि धरलीच पाहिजेत. केवळ पहिले मिरवणाऱ्याला मांडव जाळू पाहणाऱ्यांच्या बाजूला उभे असल्याचे भान नसते, तर दुसऱ्याचा केवळ पूर्वार्ध उद्धृत करणाऱ्याला साम्राज्याच्या बाजूला.

या दोन्हींना जोडणारा एक धागा महाराष्ट्रातून जातो, आणि तो संडरलंड यांनीच नकळत ओवला होता. १८९५-९६ च्या त्या दौऱ्यात त्यांनी अशी शिफारस केली की ब्राह्म आणि प्रार्थना समाजातील तरुणांना धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जाता यावे. युनिटेरियन असोसिएशनने शिष्यवृत्ती सुरू केली. १९०१ मध्ये ती मिळाली जमखंडीच्या एका मराठा तरुणाला, विठ्ठल रामजी शिंदे यांना. १९०३ मध्ये ते परत आले. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली, अस्पृश्य वस्त्यांत शाळा आणि वसतिगृहे काढली. त्यांच्या कामावर आंबेडकरांचे आक्षेप होते आणि त्यांतले काही मला रास्त वाटतात, पण तो वेगळा विषय.

शिंदे यांनी आणखी एक गोष्ट केली. ते राष्ट्रसभेच्या पुढाऱ्यांच्या मागे लागले. १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यांवर रूढीने लादलेली बंधने दूर व्हावीत असा ठराव राष्ट्रसभेने संमत केला. त्यामागचे राजकीय हिशेब आंबेडकरांनी पुढे उलगडून दाखवले आहेत, आणि ते हिशेब होतेच. तरीही हा विषय राष्ट्रसभेच्या मांडवात आला, तेव्हा पुण्याच्या त्या डिसेंबरला बावीस वर्षे झाली होती.

शिंदे यांच्या ऑक्सफर्डमधील दोन वर्षांवर पुढचा धागा लिहीन.